सातव्या गटाची शर्यत : फिलिपाइन्सचा जलतरणपटू एर्नी गाविलान



ऑक्टोबर २०१८ मध्ये इंडोनेशियाची राजधानी जकार्ता येथे तिसऱ्या आशियाई पॅरा क्रीडा स्पर्धा भरल्या होत्या. त्यात पुरुषांच्या २०० मीटर वैयक्तिक मिडले जलतरणाची एक शर्यत झाली. ती सातव्या गटाची होती. पहिला आला फिलिपाइन्सचा एर्नी गाविलान. कांस्यपदक मिळाले भारताच्या सुयश जाधव याला. सुयश हा सोलापूर जिल्ह्यातील करमाळा तालुक्याचा.

ही बातमी आपल्यापैकी थोड्यांनीच वाचली असेल. ज्यांनी वाचली त्यांनी सुयशचे नाव पाहून आनंद मानला असेल आणि पान उलटले असेल. आमचेही तसेच झाले होते. पुढे आमच्या अभ्यासवर्गात एका विद्यार्थ्याने प्रश्न विचारला : "गाविलानला पाय नाहीत आणि सुयशला दोन्ही हातांचे पंजे नाहीत. मग या दोघांची एकाच शर्यतीत बरोबरी कशी होते? यात न्याय कोणता?" प्रश्न साधा होता, पण उत्तर आमच्याजवळ तयार नव्हते. ते शोधताना गाविलानचे जीवन आम्ही अभ्यासले. त्या अभ्यासाचे सार प्रस्तुत लेखात देत आहोत.

दावाओचा मुलगा

फिलिपाइन्स हा सात हजारांहून अधिक बेटांचा देश आहे. त्याच्या दक्षिणेस मिंडानाओ हे मोठे बेट आहे आणि त्यावर दावाओ हे शहर आहे. शहरासमोर आखात आणि आखातापलीकडे समाल नावाचे बेट. अशा समुद्राकाठच्या मुलखात १९९१ साली एर्नी गाविलान याचा जन्म झाला. जन्मतःच त्याला दोन्ही पाय नव्हते आणि डावा हात पुरता वाढलेला नव्हता. त्याचा सांभाळ आजी-आजोबांनी केला. पुढे तो अपंगांसाठी असलेल्या एका केंद्रात राहिला.

असे मूल घरात जन्माला आले की आपल्याकडे काय बोलले जाते, हे वेगळे सांगायला नको. कोणी दैवाला बोल लावतो, कोणी आईला. दोन्ही बोलण्यांत मुलाच्या अंगी काय आहे याचा विचार नसतो. त्याच्या अंगी काय नाही, याचीच यादी असते. गाविलानजवळ मजबूत उजवा हात होता, भक्कम खांदे होते आणि पाण्याची भीती नव्हती. जमिनीवर त्याला हातांच्या आधाराने सरकावे लागे किंवा चाकाच्या खुर्चीचा आधार घ्यावा लागे. पाण्यात मात्र शरीराचा भार पाणीच उचलते. उभे राहण्यासाठी पाय लागतात, तरंगण्यासाठी लागत नाहीत. ही गोष्ट खेड्यातल्या विहिरीत पाठीला डबा बांधून पोहायला शिकलेल्या प्रत्येकाला माहीत आहे.

त्याची ही आवड पुढे शिस्तीच्या सरावात बदलली. राष्ट्रीय पॅरा जलतरण संघाचे प्रशिक्षक टोनी ओंग यांच्या हाताखाली तो तयार झाला. आग्नेय आशियाई देशांच्या पॅरा स्पर्धांत त्याने पदके मिळवली आणि २०१६ साली ब्राझीलमधील रिओ येथील पॅरालिम्पिकमध्ये देशाचे प्रतिनिधित्व केले. दावाओच्या आखाताकाठी ज्याचा जन्म झाला तो मुलगा पंचविसाव्या वर्षी जगातील सर्वोच्च स्पर्धेच्या तलावात उतरला होता.

गट म्हणजे काय?

आता विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे वळू. पॅरा जलतरणात स्पर्धकांचे गट पाडलेले असतात. त्यांना आकडे दिलेले असतात. १ ते १० हे गट शारीरिक अपंगत्वासाठी, ११ ते १३ दृष्टिदोषासाठी आणि १४ वा गट बौद्धिक अपंगत्वासाठी. पहिल्या दहा गटांत आकडा जितका लहान तितकी पाण्यातील अडचण मोठी. आकड्याच्या आधी इंग्रजी अक्षर असते. फ्रीस्टाईल, बॅकस्ट्रोक आणि बटरफ्लाय यांसाठी 'एस', ब्रेस्टस्ट्रोकसाठी 'एसबी' आणि चारही प्रकार एकत्र असलेल्या मिडलेसाठी 'एसएम'. गाविलानने जिंकलेली शर्यत 'एसएम ७' ची होती.

हा गट ठरवतात कसा? पूर्वी वैद्यकीय निदानावरून गट पडत. कण्याला इजा झालेले एका बाजूला, अवयव कापलेले दुसऱ्या बाजूला. रोगाचे नाव सारखे म्हणून गट सारखा. परंतु एकाच निदानाची दोन माणसे पाण्यात सारखी नसतात. म्हणून पुढे पद्धत बदलली. १९९२ च्या बार्सिलोना पॅरालिम्पिकपर्यंत जलतरणात कार्यक्षमतेवर आधारलेले गट आले. माणसाला काय झाले आहे, यापेक्षा तो पाण्यात काय करू शकतो, याला महत्त्व मिळाले.

तपासणी तीन टप्प्यांत होते. प्रथम स्पर्धकाला बाकावर बसवून किंवा झोपवून स्नायूंची ताकद, सांध्यांची हालचाल, अवयवांची लांबी आणि हालचालीतील मेळ तपासतात. नंतर त्याला पाण्यात उतरवून पोहताना पाहतात. शेवटी प्रत्यक्ष शर्यतीत निरीक्षण करतात. यासाठी अनेक वर्षे वापरल्या गेलेल्या पद्धतीत एकूण ३०० गुण होते. हातांना १३०, पायांना १००, धडाला ५०, सुरुवातीच्या उडीला १० आणि भिंतीजवळच्या वळणाला १०. यांची बेरीज १९१ ते २१५ आली तर स्पर्धक 'एस ७' मध्ये जातो.

विद्यार्थ्यांनी ही बेरीज स्वतः करून पाहावी. ज्याचे पाय नाहीत त्याचे पायांचे बहुतेक गुण जातात, उडीचे आणि वळणाचेही कमी होतात. ज्याचे हात कोपराखाली नाहीत त्याचे पायांचे गुण पूर्ण राहतात, पण पाणी मागे लोटणारा पंजा आणि मनगट नसल्याने हातांच्या १३० पैकी मोठा भाग जातो. दोघांची वजाबाकी वेगवेगळ्या खात्यातून होते आणि शिल्लक जवळपास सारखी राहू शकते. म्हणून दावाओचा गाविलान आणि करमाळ्याचा सुयश एका रेषेवर आले. दोघांना एकमेकांकडून कसलीही सवलत नव्हती.

पाण्यातील हिशेब

शर्यतीत कृत्रिम हात किंवा पाय लावण्याची परवानगी नसते. जे शरीर आहे तेच घेऊन उतरायचे. तेव्हा या दोघांच्या अडचणी कोठे येतात ते पाहू.

फ्रीस्टाईलमध्ये पुढे नेण्याचे बरेचसे काम हात करतात. पायांचा वाटा त्या मानाने लहान असतो, परंतु पायांचे दुसरे एक काम आहे. ते शरीराचा मागचा भाग वर धरतात आणि हातांच्या प्रत्येक फटक्याने कुशीवर कलणाऱ्या शरीराला तोल देतात. पाय नसले की हा तोल पोट आणि कंबरेच्या स्नायूंनी सांभाळावा लागतो. त्यात एक हात लांब आणि एक आखूड असेल तर दोन्ही बाजूंचा जोर सारखा राहत नाही. नावेला एकाच बाजूने वल्हे मारले तर नाव तिरकी जाते, तसे शरीर आखूड हाताच्या बाजूला वळू पाहते. प्रत्येक फटक्याला ते सरळ करून घ्यावे लागते. हे सरळ राहणे हीच एक कला आहे आणि ती हजारो फेऱ्यांनी येते.

भिंतीजवळ आणखी एक नुकसान आहे. सामान्य जलतरणपटू वळताना दोन्ही पायांनी भिंतीला जोराचा धक्का देतो आणि काही मीटर अंतर फुकट मिळवतो. पाय नसलेल्याला हा धक्का मिळत नाही. प्रत्येक वळणानंतर त्याला जवळजवळ थांबल्या वेगातून पुन्हा सुरुवात करावी लागते. ५० मीटरच्या तलावात २०० मीटरच्या शर्यतीत तीन वळणे येतात, ४०० मीटरमध्ये सात. याउलट पंजे नसलेल्याला धक्का मिळतो, पण मधल्या अंतरात पाणी पकडता येत नाही. एकाचे नुकसान भिंतीपाशी आहे, तर दुसऱ्याचे प्रत्येक फटक्याला.

हे समजले म्हणजे पुढची गोष्ट अधिक ठळक दिसते. गाविलानची आवडती शर्यत ४०० मीटर फ्रीस्टाईलची आहे. जिच्यात सात वेळा भिंत त्याच्याविरुद्ध जाते, तीच त्याने आपली केली.

जकार्ता २०१८

आशियाई पॅरा क्रीडा स्पर्धा २०१० साली चीनमधील ग्वांगझोऊ येथे सुरू झाल्या. दुसऱ्या स्पर्धा २०१४ साली दक्षिण कोरियातील इंचॉन येथे झाल्या. या दोन्ही वेळी फिलिपाइन्सला एकही सुवर्णपदक मिळाले नव्हते. जकार्ता येथे २०० मीटर मिडलेत गाविलानने भिंतीला हात लावला आणि त्याच्या देशाला या स्पर्धेतील पहिले सुवर्ण मिळाले.

मिडलेत चार प्रकार ठरलेल्या क्रमाने पोहावे लागतात : बटरफ्लाय, बॅकस्ट्रोक, ब्रेस्टस्ट्रोक आणि फ्रीस्टाईल, प्रत्येकी ५० मीटर. एका प्रकारात निपुण असून भागत नाही. चारही प्रकारांत टिकावे लागते. या कसोटीला उतरल्यावर त्याने १०० मीटर आणि ४०० मीटर फ्रीस्टाईलमध्येही सुवर्ण मिळवले. तीन सुवर्णपदके आणि दोन रौप्यपदके घेऊन तो परतला. त्याच स्पर्धेत सुयशने ५० मीटर बटरफ्लायचे सुवर्ण जिंकले. म्हणजे सातव्या गटाची वाटणीही न्यायाने झाली असे म्हणावयास हरकत नाही.

सुयशबद्दल दोन शब्द येथे लिहिले पाहिजेत. लहानपणी विजेच्या धक्क्याने त्याने दोन्ही हात कोपराखाली गमावले. पोहायला त्याला वडिलांनी शिकवले. २०२० साली त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला. गाविलान जन्मतः अपंग, तर सुयश अपघाताने झालेला. एकाला आजी-आजोबांनी वाढवले, तर दुसऱ्याला वडिलांनी पाण्यात उतरवले. दोघांच्या कथेत एक गोष्ट समान आहे : कोणीतरी एका मोठ्या माणसाने या मुलाचे काही होणार नाही, असे म्हणण्याचे नाकारले.

जकार्तानंतर

कोरोनाच्या साथीमुळे टोकियोचे पॅरालिम्पिक एक वर्ष लांबले आणि २०२१ साली झाले. तेथे गाविलानने ४०० मीटर फ्रीस्टाईलची अंतिम फेरी गाठली आणि सहावा क्रमांक मिळवला. ऑक्टोबर २०२३ मध्ये चीनमधील हांगझोऊ येथील आशियाई पॅरा स्पर्धेत त्याने ४०० मीटरचे सुवर्ण पुन्हा जिंकले. जकार्ता ते हांगझोऊ पाच वर्षे. या काळात तो सत्तावीस वर्षांचा होता तो बत्तीस वर्षांचा झाला. जलतरणात हे वय कमी नसते. २०२४ साली पॅरिस पॅरालिम्पिकच्या उद्घाटनाला आपल्या देशाचा ध्वज धरण्याचा मान त्याला मिळाला आणि ४०० मीटरची अंतिम फेरी त्याने तेथेही गाठली. पदक मिळाले नाही.

पॅरालिम्पिक पदक त्याच्या नावावर नाही, हे लपवण्याचे कारण नाही. पॅरिसपर्यंतच्या सर्व पॅरालिम्पिकमध्ये फिलिपाइन्सला दोनच पदके मिळाली होती आणि दोन्ही कांस्य : २००० साली सिडनीत वजन उचलण्यात ॲडेलिन डुमापोंग यांना आणि २०१६ साली रिओत टेबल टेनिसमध्ये जोसेफिन मेडिना यांना. दोन्ही स्त्रिया होत, याची विद्यार्थिनींनी नोंद घ्यावी. गाविलानच्या मागोमाग त्या देशातून अँजेल ओटोम ही हात नसलेली तरुण जलतरणपटू पुढे आली आणि पॅरिसच्या अंतिम फेऱ्यांत पोहली. पहिल्याने पाऊलवाट पाडली की दुसऱ्याला ती दिसते. पदकांच्या तक्त्यात ही कमाई लिहिलेली नसते.

किनाऱ्यावरचे माप

येथवर आपण पाण्यातील न्याय पाहिला. आता पाण्याबाहेर येऊ.

फिलिपाइन्समध्ये १९९२ साली अपंगांच्या हक्कांचा कायदा झाला. शिक्षण, नोकरी, आरोग्य, इमारतीत प्रवेश यांविषयी त्यात तरतुदी आहेत. २०१५ साली खेळाडू आणि प्रशिक्षकांना बक्षिसे देण्याचा नवा कायदा झाला आणि त्यात अपंग खेळाडूंचा स्पष्ट समावेश झाला. ही प्रगतीच होती. परंतु त्या कायद्याने बांधलेले आकडे वाचावेत. ऑलिम्पिकच्या सुवर्णाला १ कोटी पेसो, तर पॅरालिम्पिकच्या सुवर्णाला ५० लाख. आशियाई स्पर्धेच्या सुवर्णाला २० लाख, तर आशियाई पॅरा स्पर्धेच्या सुवर्णाला १० लाख. या हिशेबाने गाविलानच्या जकार्तातील तीन सुवर्णांचे ३० लाख पेसो होतात. दोन पाय असलेल्याने तीन सुवर्णे आणली असती तर ६० लाख झाले असते.

काहीजण म्हणतील, मुळात काहीच मिळत नव्हते तेथे अर्धे मिळाले, हे काय कमी? आम्हांस हा युक्तिवाद पुरता मान्य नाही. ज्या माणसाला तपासणीच्या बाकावर ३०० पैकी किती गुण याचा काटेकोर हिशेब लावून शर्यतीत उतरवले, त्याने ती शर्यत पूर्ण जिंकली. अर्धी जिंकली नाही. अपंगत्वाची वजावट एकदा गट पाडताना झालेली आहे. ती बक्षीस देताना दुसऱ्यांदा करण्याचे कारण काय?

आपण मात्र परक्या देशाकडे बोट दाखवून थांबू नये. सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर हे सैनिक होते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून ते अपंग झाले. १९७२ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथील पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी ५० मीटर फ्रीस्टाईलचे सुवर्ण जिंकले. भारताचे पॅरालिम्पिकमधील ते पहिले सुवर्ण. त्यांना पद्मश्री मिळाली २०१८ साली. मधली ४६ वर्षे कोणी मोजायची? तेथे अर्धे मिळाले, येथे उशिरा मिळाले. दोन्हींच्या मुळाशी एकच समजूत आहे : अपंगाचे यश कौतुकाचे खरे, पण बरोबरीचे नव्हे.

आपल्या दारातील सात पायऱ्या

हा लेख लिहिताना आम्हांस एक प्रसंग आठवला आणि तो सांगितल्याशिवाय लेख पुरा होणार नाही. काही वर्षांपूर्वी गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्काराला आम्ही एका विद्यार्थिनीला बोलावले होते. पोलिओमुळे तिला चालता येत नव्हते. सभागृहाला सात पायऱ्या आणि पुढे व्यासपीठाला आणखी तीन. दोन कार्यकर्त्यांनी तिला खुर्चीसकट उचलून वर नेले. टाळ्या झाल्या. वक्त्यांनी तिच्या जिद्दीचे वर्णन केले. तिने मान खाली घातली होती. तिला विनय आहे असे आम्ही तेव्हा समजलो. आज वाटते, चारचौघांत सामानासारखे उचलले जाण्याचा तो संकोच असावा. जिद्दीची खरी गरज तिला नव्हती, एका उताराची होती. तो बांधायला फार खर्च आला नसता. आमच्या ते ध्यानात आले नाही, हीच आमची चूक.

गाविलानच्या चरित्रातून "इच्छा तेथे मार्ग" असा धडा काढणे सोपे आहे आणि तो सर्वस्वी खोटाही नाही. पण तेवढाच धडा काढला तर सगळा भार त्या मुलाच्या इच्छेवर पडतो आणि आपण मोकळे होतो. इच्छा त्याच्याजवळ होती. त्याखेरीज सांभाळणारे आजी-आजोबा होते, राहायला केंद्र होते, प्रशिक्षक होता, आणि तो काय करू शकतो हे मोजणारे नियम होते. यांतील एकही गोष्ट नसती तर तो मुलगा आखाताच्या काठावरच बसून राहिला असता. आपल्या वस्तीत असे कितीजण काठावर बसले आहेत, याची गणती तरी आपण केली आहे काय?

म्हणून सभासदांस आमची विनंती आहे की, पुढील वर्षभरात तीन कामे व्हावीत. आपल्या विभागातील अपंग मुलामुलींची घरोघर जाऊन नोंद करावी. त्यांपैकी जी शाळेबाहेर आहेत त्यांच्या आईवडिलांशी बोलावे. आणि सभागृहाच्या दारात उतार बांधावा. शेवटचे काम सर्वांत सोपे आहे, म्हणून त्यापासून आरंभ व्हावा.

विद्यार्थ्यांसाठी प्रश्न

१. वैद्यकीय निदानावरून पाडलेला गट आणि कार्यक्षमतेवरून पाडलेला गट यांत फरक काय? तुमच्या शब्दांत लिहा.

२. पाय नसलेला आणि पंजे नसलेला असे दोन जलतरणपटू एकाच गटात कसे येऊ शकतात? गुणांच्या आधारे स्पष्ट करा.

३. ४०० मीटरच्या शर्यतीत ५० मीटरच्या तलावात किती वळणे येतात? २५ मीटरच्या तलावात किती येतील? पाय नसलेल्या जलतरणपटूला कोणता तलाव अधिक कठीण जाईल आणि का?

४. "अपंगत्वाची वजावट एकदाच व्हावी." या विधानाशी तुम्ही सहमत आहात काय? आपल्या शाळेतील, कार्यालयातील किंवा घरातील एक उदाहरण देऊन चर्चा करा.

५. आपल्या शाळेच्या दारापासून वर्गापर्यंत किती पायऱ्या आहेत, ते मोजून लिहा.

पाचव्या प्रश्नाचे उत्तर पुस्तकात सापडणार नाही. त्यासाठी दारापर्यंत जावे लागेल.